आंतरखोरे जलस्थानांतर आणि भूजल

एका नदीखोऱ्यातील पाणी कालवा, बोगदा किंवा नळ यांच्या द्वारे जलविभाजक ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात नेणे, यास आंतरखोरे जलस्थानांतर असे म्हणतात. अशा योजनांचा हिशेब बहुधा पृष्ठभागावरील पाण्याचा असतो : अमुक ठिकाणी नदीतून वर्षाकाठी इतके पाणी वाहते, त्यातून इतके उचलता येते, वाटेत इतके घटते आणि पलीकडे इतके पोचते. परंतु नदी म्हणजे जमिनीवर ठेवलेली पन्हळ नव्हे. तिच्या तळाखालील व काठांतील भूजलाशी तिची सतत देवघेव चालू असते. त्यामुळे खोऱ्याबाहेर नेलेले पाणी अंशतः भूजलही असते आणि नव्या खोऱ्यात आलेल्या पाण्याचा बराचसा भाग अखेर तेथील भूजलास जाऊन मिळतो. एका खोऱ्यात झरे व विहिरी आटणे आणि दुसऱ्या खोऱ्यात जमिनी चिबड होणे, ही एकाच देवघेवीची दोन रूपे होत. ती प्रकट होण्यास पुष्कळदा दशके लागतात आणि म्हणूनच योजनेच्या लाभहानीचा ताळेबंद मांडताना ती सहज निसटतात.

नदी व भूजल यांतील देवघेव : नदीकाठच्या भूजलाची पातळी नदीतील पाण्याच्या पातळीहून उंच असेल, तर भूजल नदीत पाझरते, ती खाली असेल, तर नदीचे पाणी जमिनीत मुरते. एकच नदी उगमाकडील टापूत पाणी मिळवणारी आणि मैदानात उतरल्यावर गमावणारी असू शकते. किंबहुना एकाच ठिकाणी पावसाळ्यात ती काठांना पाणी देते आणि उन्हाळ्यात परत घेते. पाऊस थांबल्यानंतरही नदी वाहत राहते, ती मुख्यत्वे या पाझरामुळे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात भूजल साठण्यास जागा थोडी असते. झिजलेला मुरूम, भेगा व सांधे यांत मावेल तेवढेच पाणी तेथे राहते. म्हणून सह्याद्रीच्या पूर्वेकडील अनेक ओढे पौष-माघातच कोरडे पडतात. याउलट सिंधू-गंगेच्या मैदानातील शेकडो मीटर जाडीच्या गाळात प्रचंड साठा सामावतो आणि त्याची हालचालही मंद असते.

भूजलाची पातळी नदीतळाच्या फार खाली गेली, तर नदी व जलधर (भूजल धारण करणारा थर) यांचा सलग संबंध तुटतो आणि मधल्या खडकमातीत हवा शिरते. या अवस्थेनंतर पातळी आणखी कितीही उतरली, तरी नदीतून मुरणाऱ्या पाण्याचे प्रमाण जवळजवळ वाढत नाही. कोरड्या नदीपात्रात दुसऱ्या खोऱ्यातील पाणी सोडून ती पुन्हा वाहती करू पाहणाऱ्यांना या अवस्थेची विशेष दखल घ्यावी लागते; कारण सोडलेले पाणी प्रथम मैलोन्‌मैल जमिनीत जिरते आणि मगच प्रवाह पुढे सरकतो.

जमिनीतील पाण्याच्या वहनाचा मूळ नियम फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये दीझों शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधीच्या ग्रंथात मांडला. विहीर व नदी यांच्या संबंधाचा उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला. अमेरिकन भूजलशास्त्रज्ञ सी. व्ही. थाइस यांनी १९४० मध्ये असे दाखविले की, विहिरीतून उपसलेले पाणी सुरुवातीला जलधराच्या साठ्यातून येते. परंतु कालांतराने तेवढ्याच प्रमाणात जमिनीत मुरणारे पाणी वाढावे लागते किंवा जमिनीतून बाहेर पडणारे पाणी घटावे लागते. बाहेर पडणारे पाणी म्हणजे झरे, पाणथळी आणि नद्या. सारांश, दीर्घकाळ चाललेला उपसा अखेर कोठल्या तरी प्रवाहाच्या खाती पडतो. सी. टी. जेंकिन्स यांनी १९६८ मध्ये या विलंबाचे एक सोपे माप सुचविले. विहिरीच्या नदीपासूनच्या अंतराच्या वर्गास जलधराच्या साठवणगुणांकाने गुणावे व त्याच्या वहनक्षमतेने भागावे. येणाऱ्या कालावधीत एकूण उपशापैकी सुमारे २८ टक्के पाणी नदीचे असते. साठवणगुणांक ०·२ व वहनक्षमता दररोज १,००० चौ. मी. असेल, तर नदीपासून १ किमी.वरील विहिरीसाठी हा काल २०० दिवस येतो. ५ किमी.वरील विहिरीसाठी तो पंचवीसपट, म्हणजे ५,००० दिवस, किंवा सु. पावणेचौदा वर्षे होतो. दूरची विहीर नदीला उपद्रव देत नाही असे जे वाटते, त्याचे कारण बहुधा एवढेच असते की, तो उपद्रव अद्याप नदीपर्यंत पोचलेला नसतो.

पाणी देणारे खोरे : या परिणामांचे सर्वांत दीर्घकाळ अभ्यासले गेलेले उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातील ओवेन्स खोरे. सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पूर्वेस असलेले हे खोरे पर्जन्यछायेत येते. तळभागात पाऊस जेमतेम १५ सेंमी.च्या आसपास. परंतु पर्वतावरील बर्फ वितळून आलेले ओढे पायथ्याच्या गाळपंख्यांत मुरतात आणि खोऱ्याच्या तळाशी झरे, दलदली व गवताळ कुरणे यांच्या रूपाने वर येतात. नदी शेवटी ओवेन्स या बंदिस्त सरोवरास मिळत असे. लॉस अँजेल्स शहराने विल्यम मलहॉलंड यांच्या देखरेखीखाली सु. ३७५ किमी. लांबीचा जलमार्ग बांधला व तो ५ नोव्हेंबर १९१३ रोजी खुला झाला. नदीचे पाणी वळविल्यामुळे सु. २८० चौ. किमी.चे सरोवर १९२०–३० या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ आटले. शहराने विकत घेतलेल्या शेतजमिनी पडीक राहिल्या व पाटांतून आणि शेतांतून होणारा झिरपाही त्यांबरोबर गेला.

हा झाला पृष्ठभागावरील पाण्याचा परिणाम. भूजलाचा प्रश्न तीव्र झाला तो दुसरा जलमार्ग १९७० मध्ये पूर्ण झाल्यावर. हा वाढीव मार्ग भरण्यास नदीचे पाणी पुरेना, म्हणून खोऱ्यातील विहिरींतून मोठ्या प्रमाणावर उपसा सुरू झाला. काही वर्षांतच मोठे झरे बंद पडले. दोन झऱ्यांवर मत्स्यसंवर्धन केंद्रे होती. त्यांना पूर्वी जे पाणी आपोआप मिळे, ते आता त्याच जागी पंपाने उपसून द्यावे लागते. कुरणांतील गवतांची मुळे फार खोल जात नाहीत. पाणीपातळी त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर गवत जाऊन तेथे विरळ झुडपे आली. इन्यो परगण्याने १९७२ मध्ये शहराविरुद्ध दावा लावला. त्यातून १९९१ मध्ये दीर्घ मुदतीचा करार झाला. या कराराचे वैशिष्ट्य असे की, त्यात उपशाची मर्यादा केवळ घनमीटरांत बांधलेली नाही : ठरावीक निरीक्षणस्थळी मातीतील ओल तेथील वनस्पतींच्या गरजेखाली गेली की, त्या स्थळाशी जोडलेल्या विहिरी बंद कराव्या लागतात. गवताला साक्षीदार करणारा असा करार जलव्यवहारात विरळाच. डिसेंबर २००६ मध्ये नदीच्या खालच्या सु. १०० किमी. पात्रात पुन्हा पाणी सोडण्यात आले. सरोवराच्या कोरड्या तळावरून उडणाऱ्या क्षारयुक्त धुळीस आवर घालण्यासाठी २००१ पासून तळाचे भाग उथळ पाण्याने भिजविले जातात. म्हणजे नेलेल्या पाण्याचा काही अंश शहराला तेथेच परत द्यावा लागत आहे.

आर्द्र प्रदेशातील नदीतून पाणी नेल्यासही हे टळत नाही; फक्त परिणामाचे रूप बदलते. चीनमधील हान नदीवरील दानजियांगको जलाशयातून २०१४ च्या डिसेंबरपासून उत्तरेस पाणी नेले जाते. हान नदीच्या खालच्या भागातील प्रवाह घटणार हे लक्षात घेऊन यांगत्सी नदीतून तीत पाणी आणणारा कालवा त्याच वर्षी सुरू करण्यात आला आणि २०२२ मध्ये यांगत्सीवरील ‘थ्री गॉर्जेस’ जलाशयातून हान नदीकडे बोगद्याने पाणी आणण्याच्या दुसऱ्या कामास प्रारंभ झाला. एका स्थानांतराची भरपाई दुसऱ्या स्थानांतराने करावी लागते, असा हा क्रम आहे.

वाटेतील झिरपा : कालवा स्वतःच एक कृत्रिम नदी असतो आणि बहुधा भोवतालच्या जमिनीहून उंच असल्याने तो जवळजवळ सर्वत्र पाणी गमावणारा असतो. अस्तरीकरणाने झिरपा घटतो, परंतु अस्तरास तडे जातात व सांधे निसटतात. सतलज व बिआस यांच्या संगमाजवळील हरिके बंधाऱ्यापासून निघणारा राजस्थान फीडर व त्याच्या लगत वाहणारा सरहिंद फीडर हे जोडकालवे पंजाबच्या नैर्ऋत्य भागातून जातात. या भागातील भूजल मुळातच खारे असल्याने शेतकरी ते उपसत नाहीत. परिणामी मुक्तसर व आसपासच्या जिल्ह्यांत पाणीपातळी वर येऊन जमिनी चिबडल्या. त्याच राज्याच्या मध्य भागात गोडे भूजल भातासाठी उपसले जाऊन पातळी वर्षानुवर्षे उतरत गेली आहे. या दोन्ही कालव्यांच्या नव्या अस्तरीकरणास केंद्र शासनाने २०१८ मध्ये मंजुरी दिली. तथापि फरीदकोट येथे काँक्रीटच्या अस्तरास लोकांनी विरोध केला. त्यामागे गैरसमज नव्हता. कालव्यातून झिरपलेले गोडे पाणी खाऱ्या भूजलावर हलक्या थराच्या रूपाने तरंगत राहते आणि कालव्याकाठच्या हातपंपांना पिण्याजोगे पाणी मिळते ते याच थरातून. झिरपा थांबला की हा थर पातळ होत जातो व पंपाला खारे पाणी लागते. अभियंत्याच्या नोंदवहीत जे पाणी ‘वहनातील घट’ म्हणून लिहिले जाते, ते काठच्या वस्तीचे पिण्याचे पाणी असू शकते. आणि तेच पाणी थोड्या अंतरावरील शेत नापीक करते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असल्याने येथे सर्वांना मानवेल असा तोडगा निघणे कठीण जाते.

पाणी घेणारे खोरे : हरिके येथून निघालेले पाणी २०४ किमी. फीडर व ४४५ किमी. मुख्य कालवा यांतून थरच्या वाळवंटात जाते. या कालव्याचा मूळ आराखडा अभियंते कंवर सेन यांनी १९४८ मध्ये मांडला. बांधकामास १९५८ मध्ये सुरुवात झाली व १९६१ मध्ये पाणी प्रथम सोडण्यात आले. पूर्वीचा राजस्थान कालवा आता इंदिरा गांधी कालवा या नावाने ओळखला जातो. कालवा येण्यापूर्वी येथील भूजल पुष्कळ ठिकाणी ४०–५० मी. खोल व खारट होते. इतक्या खोलीमुळे जमिनीत मुरणाऱ्या पाण्यास भरपूर जागा आहे असे मानले गेले. परंतु अनेक भागांत वाळूखाली थोड्याच खोलीवर चिकणमाती, कंकर व जिप्सम यांचे कठीण थर आहेत. झिरपलेले पाणी त्यांवर अडते व खऱ्या भूजलपातळीच्या वर एक टांगती पातळी निर्माण होते. पहिल्या टप्प्यात दर हजार एकरांस ५·२३ क्युसेक असे सढळ पाणी मंजूर होते आणि नैसर्गिक उतार वा निचऱ्याचे ओढे वाळवंटात जवळजवळ नाहीतच. पाणीपातळी वर्षाला सु. एक मीटर या वेगाने चढत गेली. सुरतगढजवळ घग्गर नदीच्या पुराचे पाणी १९६० नंतरच्या काळात वालुकाटेकड्यांमधील खोलगट भागांत सोडले जाऊ लागले, त्याचीही यात भर पडली व बडोपलसारख्या गावांभोवती तळी साचली. या आपत्तीस तेथील बोलीत ‘सेम’ म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात पाण्याचे प्रमाण हजार एकरांस ३ क्युसेकपर्यंत कमी करण्यात आले, तुषारसिंचनास उत्तेजन देण्यात आले आणि जमिनीतील पाणी शोषून घेणाऱ्या निलगिरीसारख्या वृक्षांची लागवड कालव्याकाठी झाली. कालव्याने या प्रदेशास पिण्याचे पाणी, धान्य व वस्ती दिली हे निर्विवाद आहे. मात्र निचऱ्याची व्यवस्था कालव्याबरोबर झाली असती, तर पुढील खर्च पुष्कळ वाचला असता.

अतिउपशाने खालावलेल्या जलधरावर बाहेरचे पाणी आले, तर परिणाम याच्या उलट, म्हणजे हितकारक ठरू शकतो. बीजिंगमध्ये दक्षिणेकडील पाणी आल्यानंतर शहरासाठीचा उपसा कमी करता आला व काही पाणी नदीपात्रांतून मुद्दाम जमिनीत मुरविले गेले. पातळी २०१६ पासून चढू लागली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या सुधारणेतील सुमारे ४० टक्के वाटा स्थानांतरित पाण्याचा आहे. बाकीचे श्रेय सिंचनातील काटकसर व चांगला पाऊस यांकडे जाते. स्पेनमधील ताहो नदीचे पाणी १९७९ पासून सेगुरा खोऱ्यात जाते. तेथे मात्र नव्या पाण्याच्या भरवशावर बागायत वाढली आणि भूजलाचा अतिउपसा थांबला नाही. बाहेरून पाणी आल्यावर विहिरींना विसावा मिळेल की नाही, हे पाण्याच्या परिमाणापेक्षा उपशावरील नियंत्रणावर अवलंबून असते, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

पाण्याचा गुणधर्म : पाण्याबरोबर क्षारांचेही स्थानांतर होते. लिटरला २०० मिग्रॅ. विद्राव्य क्षार असलेले, म्हणजे चांगल्या प्रतीचे, एक मीटर पाणी हेक्टरभर शेतास वर्षभरात दिले, तरी जमिनीत दोन टन क्षार येऊन पडतात. पाणी बाष्परूपाने निघून जाते, क्षार राहतात. कोलोरॅडो नदीच्या खालच्या भागातील पाण्यात हे प्रमाण याच्या तिपटीहून अधिक असते. हे पाणी सु. ५४० किमी. लांबीच्या कालव्याने ॲरिझोना राज्यातील फीनिक्स व टूसॉन शहरांकडे नेले जाते. टूसॉनमध्ये १९९२ मध्ये ते शुद्ध करून थेट घरोघरी देण्यात आले. तोवर भूजल वाहून नेणाऱ्या जुन्या नळांवरील गंजाचे थर या निराळ्या पाण्याने सुटू लागले, तोट्यांतून तांबडे पाणी आले व १९९४ मध्ये हा पुरवठा बंद करावा लागला. पुढे हेच पाणी शेजारच्या आव्रा खोऱ्यात उथळ तळ्यांतून जमिनीत मुरवून, मूळच्या भूजलात मिसळल्यावर विहिरींनी उपसून देण्याची पद्धत २००१ पासून अवलंबिण्यात आली. जलधराचा येथे साठवण व मिश्रण या दोन्हींसाठी उपयोग होतो. बाष्पीभवनाचा तोटाही टळतो.

आलेले पाणी भूजलात कितपत मिसळले हे समस्थानिकांवरून ओळखता येते. उंच पर्वतावरील बर्फ व पाऊस यांच्या पाण्यात ऑक्सिजन–१८ व ड्यूटेरियम यांचे प्रमाण मैदानी पावसाच्या पाण्यापेक्षा कमी असते. त्यामुळे हिमालयातून आलेले कालव्याचे पाणी वाळवंटातील विहिरीतही वेगळे ओळखू येते.

हिशेब व कायदा : नदीचे पाणी व भूजल हे एकच असले, तरी कायद्याने ते पुष्कळदा निराळे मानले आहे. ॲरिझोनामध्ये हा भेद १९३१ च्या एका निर्णयापासून चालत आला आहे. कोलोरॅडो राज्याने १९६९ च्या अधिनियमान्वये नदीशी संलग्न असलेल्या विहिरी नदीच्याच हक्कव्यवस्थेत आणल्या. स्थानांतरित पाण्याच्या झिरप्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. ओवेन्स खोऱ्यातून आणलेले पाणी सॅन फर्नांडो खोऱ्यात वापरल्यावर जे जमिनीत मुरते, ते आणणाऱ्या शहराचेच राहते, असे तत्त्व या न्यायालयाने १९४३ मध्ये मान्य केले व १९७५ मध्ये पुन्हा प्रस्थापित केले. आणलेले पाणी एकदा नळातून व दुसऱ्यांदा विहिरीतून, असे दोनदा मोजावे हे त्यामागील सूत्र होय.

भारतात विहिरीच्या पाण्यावरील हक्क परंपरेने जमिनीच्या मालकीशी जोडलेला आहे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील कृष्णा पाणीतंटा लवादाने (निर्णय १९७३, पूरक अहवाल १९७६) खोऱ्याबाहेर जाणारे पाणी काटेकोरपणे मोजले : कोयना प्रकल्पातून पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर वर्षास ६७·५ अब्ज घ. फुटांची (सु. १९१ कोटी घ. मी.) मर्यादा घातली गेली. हे पाणी वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठी नदीत सोडले जाते; त्यामुळे कोकणातील ही नदी कोयनेच्या अवजलावर उन्हाळ्यातही वाहती राहते. त्याच निवाड्यात मात्र असेही म्हटले आहे की, प्रत्येक राज्यास आपल्या हद्दीतील भूजल वापरण्याची मोकळीक असावी व असा वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून धरू नये. भूजलाची मोजणी त्या काळी अवघड होती हे लक्षात घेता ही तरतूद व्यवहार्य होती. परंतु निवाड्यानंतरच्या दशकांत कृष्णा खोऱ्यात विहिरी व विंधण विहिरी यांची संख्या फार वाढली. नदीकाठच्या गाळातील विहीर जे पाणी उपसते, ते काही आठवड्यांत नदीतून भरून येते; पठारावरील विहीर ओढ्यांचा हिवाळी पाझर तोडते. हे पाणी नदीत उतरले असते, तर ते लवादाच्या हिशेबात आले असते. विहिरीतून निघाल्याने ते येत नाही.